एका शिट्टीची सफरचंदं

दसरा झाला, की नळदुर्गच्या बसस्टँडसमोर सफरचंदांच्या हातगाड्या लागतात. आमच्या मातीत हे फळ कधी पिकलं नाही आणि पिकणारही नाही. इथं सोयाबीन, तूर, ज्वारी, आणि पावसानं मनावर घेतलंच तर ऊस. तरी कुठल्याशा बर्फाच्या मुलखातली ही तांबडी फळं ट्रकांतून हैदराबादच्या वाटेनं जाता जाता इथं उतरतात, फोमच्या जाळीदार झग्यांत बसतात आणि गाडीवाला दिवसभर त्यांना फडक्यानं पुसत राहतो. परवा शाळा सुटल्यावर येताना गाड्या लागलेल्या दिसल्या. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगानं चालू लागले. ओळखीच्या गाडीवाल्यानं तिथूनही हाक मारली, "मॅडम, घेऊन जावा की, लई गोड हाय माल!" मी नुसता हात हलवला. पाऊस आला की लोकांना कविता सुचतात, आंबे आले की आजोळ आठवतं. मला सफरचंद दिसलं की आजाऱ्याची कॉट आठवते.

सफरचंद आमच्याकडं कुणी हौसेनं खात नाही असं नाही. हल्ली पोरांच्या डब्यातसुद्धा त्याच्या फोडी असतात. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. ते आजाऱ्याला न्यायचं फळ. त्यातही एक उतरंड आहे, कुणी कुठं लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ. साधा ताप असेल तर बिस्किटचा पुडा. हातपाय मोडला असेल तर मोसंबी. दवाखान्यात सलाईन लावलं असेल तर शहाळं. बाळंतिणीला खारीक-खोबरं. आणि सफरचंद मोठ्या दुखण्याला. ज्याला सोलापूरला नेऊन परत आणलंय, ज्याचा विषय निघाला की ओट्यावरच्या बायका आवाज खाली करतात, त्याला सफरचंद.

हा सगळा कायदा मला शिकवला तो अक्कांनी. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापण्यापासून पाहुणचारापर्यंत काहीच धड येत नव्हतं, आणि हे गल्लीला कळू न देण्याची जबाबदारी अक्कांनी स्वतःहून घेतली होती. जावा-जावांची भांडणं हा आपल्याकडं करमणुकीचा विषय. आम्ही दोघींनी त्या बाबतीत लोकांची फार निराशा केली. कुणाला बघायला जायचं असलं, की पिशवीत काय घालायचं ते अक्का ठरवायच्या. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडं निघालो तर मी बिस्किटं घेतली. अक्कांनी पुडा माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला. "त्यांला आता सफरचंदच न्यावं लागंल गं," म्हणाल्या. आवाजात दुःख नव्हतं, नुसती माहिती होती. ते गृहस्थ दिवाळीआधीच गेले.

अक्कांचं दुखणं पितृपंधरवड्यात सुरू झालं. घास अडकायला लागला. आधी भाकरी दुधात कुस्करून, मग दूधही थांबत थांबत. जेवताना त्या डोळे मिटून गिळायच्या आणि आम्ही ताटातून मान वर करायचो नाही. माझे मोठे दीर, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, अक्कांना घेऊन सोलापूरला गेले. परत आले ते घरात न येता थेट गोठ्यात. तिथंच त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. वैरणीची पेंढी हातात घट्ट धरून उभे होते. कुठलं दुखणं आहे ते एका शब्दात सांगितलं आणि म्हणाले, "तिला अल्सर सांगितलंय. घरात दुसरा शब्द निघाला न्हाय पायजे."

"आणि त्यांनी विचारलं तर?" मी म्हणाले.

"न्हाय इचारायची."

आणि खरंच, अक्कांनी कधीच विचारलं नाही. मला तेव्हाच ते विचित्र वाटायला हवं होतं. मोरीत चमचा हरवला तरी दिवसभर तपास करणारी ही बाई. तिला सोलापूरच्या दवाखान्यात मशीनखाली झोपवतात, पाठ भाजल्यासारखी काळी पडते, आणि ती विचारत नाही की हे कसलं अल्सर. पण माणसाला जे सोयीचं असतं ते विचित्र वाटत नाही.

मग माणसं यायला लागली. येतील तशी सफरचंदं आली. कुणी पिशवीतून, कुणी ओच्यातून, कुणी खोक्यासकट. सगळे एकच वाक्य बोलायचे, "काय न्हाय होत, संक्रांतीला हिंडा-फिरायला लागताल बघा." फ्रीजवर जागा उरली नाही तेव्हा फळं देवळीत गेली, तिथून कॉटखालच्या टोपल्यात. आमच्या घरात रीत होती, की आजाऱ्यासाठी आलेलं फळ आधी आजाऱ्याच्या तोंडाला लागायला पाहिजे, मगच बाकीच्यांनी खायचं. अक्कांना तर फोड चावून गिळणं शक्य नव्हतं. त्यामुळं कुणीच खात नव्हतं. बाहेरच्या खोलीत गोडूस, शिळा वास साठत चालला आणि फळांच्या साली सुरकुतायला लागल्या.

मोबाइलवर कुठल्याशा परमुलखातली बाई सफरचंदं मसाला घालून शिजवताना मी पाहिली. तिच्याकडं भट्टीसारखी शेगडी होती. माझ्याकडं पाच लिटरचा कुकर होता, कान ढिला झालेला. साली काढल्या, बिया काढल्या, फोडी डब्यात घातल्या. गूळ, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, वेलदोड्याची पूड आणि कणभर मीठ. पहिल्या दिवशी सवयीनं डाळीइतक्या शिट्ट्या होऊ दिल्या. झाकण काढलं तर डब्यात फोडी नव्हत्याच, नुसता लगदा आणि वर तरंगणाऱ्या लवंगा.

"डाळ समजलीस व्हय गं?" अक्का कॉटवरून म्हणाल्या. शिट्ट्या त्या मोजत होत्या. पितृपंधरवड्यानंतर पहिल्यांदा हसल्या. हसता हसता खोकला आला आणि खोकल्याबरोबर डोळ्यांत पाणी, तरी हसायच्या थांबेनात. मलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून एकच शिट्टी. शिट्टी झाली की गॅस बंद, आणि वाफ आपल्या आपण जिरू द्यायची, घाई केली की फोडी फुटतात. लवंगा न चुकता वेचून काढायच्या, कारण लवंग घशात टोचते. कोमट झालं की चमच्याच्या पाठीनं दाबायचं. दालचिनीचा वास घरभर सुटायचा. आमच्याकडं दालचिनी-लवंग पडते ती काळ्या मसाल्यात, आणि काळा मसाला पडतो मटणात. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शेजारच्या काकू पदर सावरत दारात आल्या. म्हणाल्या, "गुरवारचं मटण शिजवलाव व्हय गं तुमी?" अक्कांनी त्यांना आत बोलावलं, वाटी दाखवली आणि ती त्यांच्यासमोर संपवली. काकू बराच वेळ वाटीकडंच बघत राहिल्या. शिजवलेलं फळ हा प्रकार त्यांच्या पचनी पडला नाही.

ते दिवस माझे बरे गेले, असं लिहिताना हात थबकतो. पण गेले. वाटी रिकामी झाली की मला वाटायचं, आज आपण एक दिवस ओढून आणला. शाळेत तास घेतानाही डोक्यात कुकरच असायचा. उद्या थोडी सुंठ घालू, परवा जायफळ किसू. दादा रोज सकाळी कॉटपाशी येऊन म्हणायचे, "आज चेहरा बरा दिसतोय," आणि मी मागून मान हलवायचे. हळूहळू मलाही ते अल्सर खरं वाटायला लागलं. खोटं बोलणाऱ्याला त्याचंच खोटं पटायला लागणं, ही मी पाहिलेली सगळ्यात केविलवाणी गोष्ट आहे, आणि तेव्हा ती मला आशा वाटत होती.

अक्कांनी एकच मागणं केलं होतं. त्यांचं माहेर भूमच्या बाजूला, माळरानातलं एक लहानसं गाव. धाकटा भाऊ दत्ता, त्याची खव्याची भट्टी. लहानपणी अक्का भट्टीत लाकडं सारायच्या आणि वडील मोठ्या उलथण्यानं दूध आटवत बसायचे. थंडीच्या सकाळी कढईच्या कडेनं तूप सुटायला लागलं, की वडील उलथण्याच्या टोकावर पहिला खवा काढून लेकीला द्यायचे. "एकदा भट्टीपाशी बसून यावं म्हणते," अक्का दादांना म्हणाल्या. "जायचं की," दादा म्हणाले, "घाई काय हाय? जरा बरी हो. संक्रांतीला जाऊ." मी तिथंच उभी होते. मला कळत होतं, की दादांना न्यायचं नाही असं नव्हतं. पण आत्ताच न्यायचं, भर दुखण्यात, जीप करून, उशा लावून, तर त्या घाईचा अर्थ अक्कांना कळला असता. खोटं टिकवायचं तर त्यांना बरं होण्याची वाट बघायला लावणं भाग होतं. अक्काही म्हणाल्या, "व्हय, संक्रांतीलाच बरं."

मग एक दिवस दत्ता आला. दत्ता बहिणीकडं कधीही आला तरी त्याच्या हातात खव्याचा डबा असायचा. दिवाळी असो, नागपंचमी असो, नुसता तालुक्याच्या कामाला आलेला असो, ॲल्युमिनियमचा तो डबा पिशवीत असायचाच. त्या दिवशी त्याच्या हातात स्टँडसमोरच्या गाडीवरची पिशवी होती. दादांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, की तूपकट काही चालत नाही, डॉक्टरनं बंद केलंय. मग बिचाऱ्यानं काय आणावं? सगळे आणतात ते आणलं. पिशवी कॉटच्या पायथ्याशी ठेवून तो बसला आणि पंख्याकडं बघत म्हणाला, "काय न्हाय होत अक्का." अक्कांनी पिशवीकडं पाहिलं. मग त्याला म्हैस व्याली का विचारलं, भट्टीवरचा पत्रा बदलला का विचारलं. तो निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चूक कुणाचीच नव्हती. असल्या गोष्टींत चूक कुणाची तरी असती तर बरं झालं असतं, निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

त्यानंतर वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी थांबत नाही. भज्जीची पातळ भाजी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा डेरा डोक्यावर घेऊन सगळं गाव शेतात जातं. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, दुकानं बंद, बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटावं इथं काही आक्रीत झालंय. दादा जायला तयार नव्हते, अक्कांनीच त्यांना हट्टानं पाठवलं. "पूजा चुकवू नका, रान वाट बघतंय." मी मागं थांबले. दुपारी मी फोडी करायला अक्कांच्या कॉटपाशीच बसले. ती दत्तानं आणलेली सफरचंदं होती.

"मंगल," अक्का म्हणाल्या, "दत्ता खव्याबिगर आला."

"डॉक्टरांनी तूपकट बंद केलंय ना अक्का, म्हणून…"

"कुनाला काय न्यायचं ते तुला म्या शिकवलं. आन् तू मला सांगतीस व्हय?"

मी सुरी खाली ठेवली. बाहेर कुणाचाही आवाज नव्हता. मी विचारलं, "कधीपासून माहीत हाय तुम्हाला?"

"पयली पिशवी आली तवापास्नं. पर वाटायचं, लोकांला काय कळतंय. भाऊ आला तवा खूण पटली."

मी रडायला लागले. आजाऱ्यापुढं रडू नये म्हणतात, पण मला त्या दिवशी कसलंच भान राहिलं नाही. म्हणाले, "दादांना आजच सांगते. उद्या जीप करू. भूम काय लांब न्हाय. गादी टाकून नेते तुम्हाला, भट्टीपाशी बसवते."

"न्हाय."

"का पण?"

"आत्ता जाते म्हणाले तर त्यांला कळंल मला ठावं हाय. मग ते कशावर उभं ऱ्हातील? लेकरू न्हाय, बाळ न्हाय. रोज सकाळी येऊन सांगतेत चेहरा बरा दिसतोय. तवा त्यांचाच चेहरा बघ तू एकदा. तेवढ्यावर चाललंय त्यांचं."

"निदान खवा तरी मागवू द्या."

"आता उतरायचा न्हाय गं. आन् मला खवा कुठं पायजे व्हता? भट्टी पायजे व्हती." थोडा दम घेऊन म्हणाल्या, "तू बोलायचं न्हाय. मी गेल्यावरबी न्हाय. घे माझी आन."

मी आण घेतली. घ्यायला नको होती की घ्यायला हवी होती, हे मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनीच सांगितलं म्हणून मी कुकर लावला. एक शिट्टी झाली. गॅस बंद केला. दोघी वाफ जिरायची वाट बघत बसलो.

संध्याकाळी सगळे रानातून आले. अंगाला हरभऱ्याचा आंबट वास, पायांना माती. दादांनी ज्वारीचं एक कणीस मुद्दाम आणलं होतं. ते अक्कांच्या हातात देऊन म्हणाले, "बघ, भरत आलंय. हुरड्याला येतंय तवर तू हिंडायला लागतीस." अक्का म्हणाल्या, "व्हय की. औंदा हुरडा म्याच भाजणार." दोघं एकमेकांकडं बघून हसले. इतक्या जवळ बसलेली आणि इतकी एकेकटी दोन माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासायचा आवाज करत राहिले.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. आधी फोडींचा लगदा केला, मग लगदा गाळून त्याचं पाणी दिलं, मग पाणीही ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायला लागलं. शेवटी शेवटी मी वाटी नुसती नाकाजवळ धरायचे. त्या डोळे मिटून वास घ्यायच्या आणि दादा दारातून विचारायचे, "खाल्लं का गं तिनं?" मी म्हणायचे, "खाल्लं." संक्रांतीच्या आधी अक्का गेल्या. टोपल्यात राहिलेली फळं त्यांच्या तोंडाला लागलेली नव्हती, म्हणून कुणी शिवलं नाही. म्हशीला घातली. तिनं ती कुडूम कुडूम चावून खाल्ली आणि आणखी हवीत म्हणून मान पुढं केली.

तेराव्याला दत्ता आला होता. जेवणं झाल्यावर दादा त्याला सहज सांगावं तसं म्हणाले, "भट्टीपाशी बसायचं म्हणत व्हती. म्हटलं, बरी झाली की नेऊ." दत्ता उठून अंगणात गेला. कडुनिंबाला धरून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडत म्हणाला, "दाजी, मला एक शब्द सांगायचा की हो. भट्टीच आणून मांडली असती दारात. चार विटा अन् एक कढई, त्याला काय लागतंय?" दादा त्याच्यामागं अंगणात गेले. ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नव्हती.

काळ हे औषध असतं, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला हेवा वाटतो. मला तर दरवर्षी ते दुखणं नव्यानं होतं. राग कुणावर काढायचा तेही कळत नाही. दादांवर काढावा, तर त्या माणसानं बायकोला भीती वाटू नये म्हणून स्वतःची भीती एकट्यानं गिळली. अक्कांवर काढावा, तर त्यांनी नवऱ्याचा धीर सुटू नये म्हणून माहेरची वाट सोडली. दोघांनी एकमेकांवर इतकी माया केली, की त्या मायेत खरं बोलायला बोटभर जागा उरली नाही. लोक अशा मायेचं कौतुक करतात. मी ती जवळून पाहिली आहे. तिच्यामुळं एक बाई घरभर माणसांत एकटी मेली, आणि त्यातून शिकण्यासारखंही काही नाही. आपल्याकडं दुखण्यापेक्षा दुखण्याच्या नावाला लोक जास्त भितात. उद्या माझ्यावर वेळ आली तर माझी माणसंही गोठ्यात जाऊनच बोलतील, आणि मीही कदाचित विचारणार नाही.

परवा मी गाड्या चुकवून घरी आले खरी, पण संध्याकाळी दादाच पिशवी घेऊन आले. यंदा त्यांनी दाढा काढून घेतल्यात, भाकरी चावत नाही. एरवी ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात, थोरले दीर आहेत. पिशवी ओट्यावर ठेवून जरा अवघडून म्हणाले, "तिला करायचीस तसं कर की जरा." मी साली काढल्या, फोडी केल्या, दालचिनी घातली, एक शिट्टी होऊ दिली. लवंगा वेचून काढल्या. दादा भिंतीला टेकून सावकाश खात होते. अर्धी वाटी झाल्यावर थांबले आणि हे दिवस आले की दरवर्षी म्हणतात तेच म्हणाले.

"एक लई बरं झालं बघ मंगल. शेवटपत्तुर तिला कळू दिलं न्हाय आपुन. भ्या न्हाय, काय न्हाय. हासत गेली."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं. त्या माणसाकडं दुसरं काही उरलेलं नाही.

"व्हय दादा," मी म्हणाले, "त्यांना काहीच कळलं न्हाय." आणि त्यांच्या वाटीत आणखी वाढलं.